विकायचा की वाजवायचा?

नियमांची पुस्तकं आवडीने वाचणारा माणूस मी नाही. पण २०१२ साली कॅमेऱ्यांची पेटी घेऊन पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं ठरलं, तेव्हा कस्टमचे नियम शोधून काढले आणि रात्री जेवणं आटोपल्यावर वाचत बसलो. लातूरसारख्या गावात लग्नांचं, कीर्तनांचं शूटिंग करून जमवलेलं सामान ते. दोन कॅमेरे, चार लेन्स, माईक, ट्रायपॉड. काहींचे हप्ते अजून चालूच होते. परत येताना कुणी 'हे तिकडे घेतलं का?' असं विचारलं तर काय सांगायचं, एवढंच मला हवं होतं.

वाचता वाचता एका ओळीपाशी थबकलो. तेव्हा १९९८ चे बॅगेज रूल्स लागू होते. परदेशात काही महिने काम करून परतणाऱ्या भारतीय माणसाला आपली 'व्यावसायिक उपकरणं' आणायला त्यात वेगळी सवलत होती. आता व्यावसायिक उपकरणं म्हणजे काय? तर खाली खुलासा दिलेला. सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी आणि अशांसारख्यांना आपल्या धंद्यात लागणारी, सोबत नेता येतील अशी अवजारं. आणि त्याला लागूनच, कॅमेरा, कॅसेट रेकॉर्डर, डिक्टाफोन, टाइपरायटर, कॉम्प्युटर अशा सर्रास वापरातल्या वस्तू यात धरल्या जाणार नाहीत.

म्हणजे गवंड्याचं ड्रिल हे व्यावसायिक उपकरण, आणि ज्याच्यावर माझं घर चालतं तो कॅमेरा मात्र नाही!

तसं पाहिलं तर ते कलम माझ्यासाठी नव्हतंच. मी चार दिवसांसाठी चाललो होतो, काही महिन्यांसाठी नाही. तरीही आधी जरा रागच आला. मग हसू आलं. आणि मग, खरं सांगायचं तर, ती ओळ आवडून गेली. सरकारी कागदात सुतार-गवंडी सहसा 'अकुशल', 'असंघटित' असल्या शब्दांच्या आड उभे असतात. इथे ते थेट नावानिशी होते, आणि 'व्यावसायिक' या भारदस्त शब्दाचे मानकरी म्हणून. डॉक्टर नाही, वकील नाही, इंजिनियर नाही. सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी.

ही यादी अशी का झाली असावी, हे फार कठीण नाही. १९७० च्या दशकात आखातात तेलाचा पैसा खेळू लागला आणि आपल्याकडून माणसं तिकडे जायला लागली. त्यातली बरीचशी हातात कसब असलेली. दोन-चार वर्षांनी परत येताना ही माणसं तिकडे हाताळलेली यंत्रं सोबत आणायची, इकडे येऊन त्यावर धंदा उभा करायची. दुसरीकडे त्याच काळात आपला बाजार परदेशी वस्तूंना जवळजवळ बंद. कॅमेरा, टेप, टू-इन-वन यांना मुंबईच्या मुसाफिरखान्यात हातोहात गिऱ्हाईक. आणलेल्या ड्रिलपेक्षा आणलेला कॅमेरा विकला जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून ड्रिल आत आणि कॅमेरा बाहेर.

थोडक्यात कस्टमच्या खिडकीपलीकडल्या माणसाला एकच गोष्ट ठरवायची असते. समोरची वस्तू माल आहे की हत्यार? अडचण अशी की दोन्ही दिसायला सारखेच. दुकानाच्या काचेतला कॅमेरा आणि माझ्या पेटीतला कॅमेरा यांत फरक असतो तो माझ्या मनातल्या हेतूचा, आणि एक्सरे मशीनमध्ये हेतू काही दिसत नाही.

आमच्या घरात हा प्रश्न जुना आहे. आजोबा पखवाज वाजवायचे आणि ऐन तारुण्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात, दिंडीबरोबर पंढरपूरला जायचे. आज ऐकायला गंमत वाटेल, पण आमच्या घराण्याचा पहिला 'परदेश' म्हणजे पंढरपूर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात (वेगळा लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये) आणि उस्मानाबाद, नांदेड ही हैदराबाद संस्थानात. मुरूड, येडशी मागे टाकून पांगरी-बार्शीकडे निघालं की इंग्रजांचा मुलूख सुरू. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली, ती चिमुकली गाडीसुद्धा दोन राज्यांमधून धावायची. आणि मधे करोडगिरीचा नाका.

करोडगिरी म्हणजे निजामाचं कस्टम. शब्द ऐकून कुणाला कोटींचा हिशेब आठवेल, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मात्र नाका, दाढीवाला शिपाई आणि उघडून दाखवायची गाठोडी आठवायची. संस्थानाची हद्द ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं आणि पुढच्या काही वर्षांत ही आतली हद्द पुसली गेली, तरी शब्द बराच काळ टिकला. मी लहान असताना शेजारच्या एक आजी फार चौकशा करणाऱ्या सुनेला 'करोडगिरी लावू नको' म्हणायच्या.

तर आजोबांची गोष्ट. नाक्यावर शिपायाने दिंडी थांबवली. टाळ, वीणा, पताका यांचं त्याला काही नव्हतं. पण पखवाज दोन होते, आणि त्यातला एक नवा, नुकताच पुडी चढवलेला. शिपायाने त्याच्यावर टिचकी मारून विचारलं, "बेचने का, के बजाने का?"

आजोबांनी तोंडाने उत्तर दिलं नाही म्हणे. खाली बसले, पखवाज मांडीशी घेतला आणि वाजवायला लागले. शिपाई थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग वहीत काहीतरी लिहिलं, उर्दूत एक चिठ्ठी फाडून दिली आणि बजावलं, येताना दोन्ही दिसले पाहिजेत. आजोबांना उर्दू फारसं वाचता येत नव्हतं. तरी पंढरपूरच्या गर्दीत त्यांनी ती चिठ्ठी पैशांपेक्षा जास्त जपली. परतताना दोन्ही पखवाज दाखवले, चिठ्ठी परत दिली, झालं.

घरातली गोष्ट आहे, सांगता सांगता तिला थोडी शाई चढली असेल. पण पुढे मी जेवढे कस्टमचे नियम वाचले, त्यात या गोष्टीत नाही असं फारसं काही निघालं नाही. जाताना वस्तू दाखवा, तिची ओळख कागदावर नोंदवून घ्या, परत येताना तीच वस्तू आणि तोच कागद दाखवा.

या चिठ्ठीचं आजचं नाव एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. मौल्यवान सामान बाहेर नेऊन परत आणायचं असेल, तर निघण्याआधी विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडून ते घ्यायचं. यात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट आहे. अधिकारी वस्तू डोळ्यांनी पाहून मगच लिहितो. त्यामुळे पेटी विमान कंपनीच्या पट्ट्यावर चढवण्याआधी त्याच्यापुढे उघडावी लागते. एकदा पेटी आत गेली की मग नुसतं वर्णन करून उपयोग नाही. त्यासाठी तासभर आधी पोचायचं, प्रत्येक वस्तूचा बनवणारा, मॉडेल, नंबर यांची यादी घरूनच करून न्यायची, खरेदीच्या पावत्यांच्या झेरॉक्स जवळ ठेवायच्या.

मी दुबईला चाललो होतो ते एका भजनी मंडळाबरोबर. तिकडच्या मराठी मंडळींनी आषाढीचा कार्यक्रम ठेवला होता, त्याचं शूटिंग माझ्याकडे. पखवाजाला माझे चुलते, आमचे अण्णा. आजोबांचा हात त्यांच्याकडे आला आणि माझ्याकडे नुसता कॅमेरा. खिडकीपाशी माझं काम पाच मिनिटांत झालं. कॅमेऱ्याच्या बुडाशी नंबर, लेन्सच्या कडेला नंबर, यादीशी ताडून पाहिले, शिक्का मारला. मग अण्णांनी खोळ सोडून पखवाज टेबलावर ठेवला. अधिकारी तरुण होता. त्याने पखवाज फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं,

"सीरियल नंबर?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी पखवाजाकडे.

आता पखवाजाला कुठला आलाय नंबर! त्याला खोड असतं, दोन पुड्या असतात, वादी असते, गठ्ठे असतात. उजवीकडे शाई असते. डावीकडे वाजवायच्या वेळी ओली कणीक लावतात. ज्याने बनवला तो कारागीर आवाजावरून ओळखेल, वाजवणारा हात लावून ओळखेल. पण कागदावर काय लिहायचं?

त्या तरुणाचं मला कौतुक वाटतं. त्याने 'नंबर नाही तर चालणार नाही' असं म्हटलं नाही. टेप मागवून लांबी मोजली. खोडावर निळ्या रंगात आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराचं नाव रंगवलेलं आहे, ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग अण्णांनी आपणहून खोडाच्या पोटाशी असलेली खोक दाखवली. पूर्वी कधीतरी बैलगाडीतून पडल्याची ती खूण. तीही लिहिली गेली. लाखभराच्या यंत्राची ओळख कारखान्यात पाडलेल्या नंबरावर, आणि पखवाजाची त्याच्या जखमेवर. शिक्का दोघांना एकच.

दुबईत आमच्याकडे कुणी काही विचारलं नाही. कणीक एका ताईंच्या स्वयंपाकघरातून आली. पण सगळीकडे इतकं सोपं नसतं, हे पुढे इतर कलाकारांशी बोलताना कळत गेलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत कातडं, लाकूड यांच्याकडे किडीच्या, रोगाच्या भीतीने बघतात. तिथे ते जाहीर करावं लागतं, आणि नीट कमावलेलं नसलेलं कातडं अडू शकतं. जुन्या वीणेवर हस्तिदंताची कारागिरी असेल तर मामला आणखी नाजूक, कारण तिथे वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आडवा येतो. याच कराराखाली २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवाच्या सगळ्या जाती नियंत्रणात आल्या आणि जगभरचे वादक हवालदिल झाले. गिटारवाले, क्लॅरिनेटवाले, आपले सतारवाले, सगळेच. आरडाओरडा झाल्यावर २०१९ च्या परिषदेत तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळाली. सांगायचं एवढंच की 'विकायचं की वाजवायचं' या प्रश्नाला अलीकडे 'कशापासून बनवलंय?' हाही एक प्रश्न जोडला गेला आहे.

ज्यांना वारंवार जावं लागतं, मोठं सामान न्यावं लागतं, त्यांच्यासाठी जगाने एक जाडजूड चिठ्ठी काढली आहे. तिचं नाव एटीए कार्नेट. १९६१ मध्ये ब्रुसेल्सला झालेल्या करारातून ती आली. 'तात्पुरता प्रवेश' या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची अक्षरं एकत्र करून नाव बनवलंय. सामानाचा पासपोर्टच म्हणा ना. आपल्या देशातून निघताना आणि परतताना पिवळं पान, परक्या देशात शिरताना आणि निघताना पांढरं, नुसतंच ओलांडून जायचं असेल तर निळं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. भारतात हे पुस्तक फिक्की ही संस्था देते. आपण सामान बाहेरच विकून टाकलं तर तिथला कर ही हमी घेणारी साखळी भरते आणि मग आपल्याकडून वसूल करते. म्हणून आधीच तारण ठेवावं लागतं. नाटक कंपनी, चित्रपटाचं युनिट, प्रदर्शनवाले यांना हे परवडतं. चार दिवसांसाठी निघालेल्या लातूरच्या एकट्या माणसाला एक्स्पोर्ट सर्टिफिकेटच बरं.

आणि हो, खपून जाणाऱ्या वस्तू कार्नेटवर जात नाहीत. पखवाज जाईल, कणीक जाणार नाही. कारण ती परत येत नाही.

या आंतरराष्ट्रीय करारांमध्ये 'व्यावसायिक उपकरणं' कुणाची, याचीही यादी आहे. १९९० च्या इस्तंबूल करारातली पाहिली तर तिच्यात पत्रकार, दूरदर्शनवाले, सिनेमावाले, शल्यविशारद, पुरातत्त्वज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ, भूगर्भाचा शोध घेणारे तज्ज्ञ, नाटक कंपन्या, वाद्यवृंद. माझा कॅमेरा इथे अगदी मानाने बसलेला. तेच दोन शब्द, पण गावं वेगळी. एका यादीत गवंडी आहे, कॅमेरा नाही. दुसरीत कॅमेरा आहे, गवंडी शोधावा लागतो. दोन्ही याद्या खोट्या नाहीत. परक्या देशात काही दिवस काम करून परतणारा तज्ज्ञ एकीने डोळ्यांसमोर धरलाय, परक्या देशात वर्षं काढून घरी परतणारा कामगार दुसरीने.

यादीतला तो भूगर्भाचा शोध घेणारा तज्ज्ञ वाचला आणि मला आमचंच गाव आठवलं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जर्मनीतल्या पॉट्सडामच्या भूविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आपली फिरती भूकंपमापकं घेऊन आले, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर त्यांनी मागाहून येणाऱ्या धक्क्यांची नोंद घेतली. भूकंप नेमका किती खोलीवर, कुठल्या भेगेवर झाला हे अशा धक्क्यांवरून कळतं. पण हे धक्के कुणासाठी थांबत नाहीत. रोज कमी होत जातात. जो नोंदला नाही तो गेला. अशा वेळी यंत्राची पेटी एखाद्या गोदामात आठवडाभर पडून राहिली तर नंतर ती सोडवून उपयोग काय? १९९८ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात झालेला करार (तो २००५ मध्ये अंमलात आला) याच दुखण्यावर आहे. आपत्तीच्या वेळी मदतीसाठी येणारी संपर्कयंत्रणा सीमेवर परवान्यांत अडकू नये, असं त्यात ठरलं. हत्यार वेळेवर पोचलं तरच ते हत्यार. ते माझ्या कॅमेऱ्यालाही लागू आहे, पण माझं फार तर एक लग्न चुकेल.

आता परतीचं सांगतो. आमचा कागद चोख होता, पाच मिनिटांत मोकळे झालो. अण्णांचा पखवाज तर कुणी उघडलासुद्धा नाही. दुबईहून चोरटा पखवाज कोण आणणार! पण अण्णांना खुर्चीत जरा टेकायचं होतं म्हणून थांबलो, आणि शेजारच्या टेबलावरचा प्रकार कानांवर आला.

पस्तिशीच्या आतला माणूस. बोलण्यावरून आमच्याच बाजूचा. टेबलावर त्याच्या पिशवीतली हत्यारं मांडलेली. भिंत फोडायचं मोठं ड्रिल, कटर, थाप्या, ओळंबा, आणि खोक्यात बंद एक लेसर लेव्हल. अधिकाऱ्याने विचारलं हे काय. त्याने सवयीने सांगितलं, "साहब, मेरे हथियार हैं." अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या. मग दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही कसनुसं हसले. आमच्याकडे सुतार असो, गवंडी असो, न्हावी असो, ज्याच्यावर पोट भरतं त्याला हत्यारच म्हणतात. विमानतळावर मात्र तो शब्द वाईट.

ड्रिलबद्दल काही झालं नाही. त्याच्या जाळीत सिमेंटची भुकटी घट्ट बसली होती, मूठ घासून गुळगुळीत झालेली. ते आपली साक्ष आपणच देत होतं. गाडी अडली लेसर लेव्हलपाशी. नवी कोरी, खोक्यात. पावती सापडेना. "बेचनेके लिए लाए हो?" नाही साहेब. "किसीने मंगाया है?" नाही साहेब. "घर में क्या करोगे इसका?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला अजून आठवतं. म्हणाला, किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव पडलं. नवी घरं बांधायला लागले तेव्हा मी पोरगा होतो, मिस्त्रीच्या हाताखाली गिलावा शिकलो. मग मोठा होऊन इकडे आलो. आता परत जाऊन स्वतःची ठेकेदारी करायची आहे. भिंत ओळंब्यात असली पाहिजे साहेब, आमच्याकडे.

किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. त्या काळात भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं, याचं शिक्षण या भागातल्या गवंड्यांना दिलं गेलं. त्या टेबलावरचं खोकं काय होतं, हे मला आणि अण्णांना वेगळं सांगावं लागलं नाही. अधिकाऱ्यालाही फार सांगावं लागलं नाही. त्याने पासपोर्टवरचे शिक्के पाहून महिने मोजले, सवलतीचा हिशेब मनात केला आणि खोकं परत पिशवीत ठेवायला सांगितलं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. कर लागला नाही, कुणी आवाज चढवला नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. तक्रारीला जागा नाही.

तरी मनात एक राहिलं. ज्या नियमात 'गवंडी' हा शब्द छापलेला होता, तो ज्याच्यासाठी छापला त्याला माहीत नव्हता. तो मला माहीत होता, ज्याला त्याचा काही उपयोग नव्हता. मी घरी बसून नियम वाचले, यादी केली, झेरॉक्स काढल्या, तासभर आधी पोचलो, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला गेला. त्याला तीनदा 'विकणार नाही' म्हणावं लागलं, आणि शेवटी आपल्या गावाचं दुःख टेबलावर मांडावं लागलं. कागद नसला की माणसाला स्वतःची गोष्ट सांगावी लागते. सगळ्यांना ती सांगता येते असं नाही. सगळ्यांनी ती सांगावीच असंही नाही.

२०१६ मध्ये नवे बॅगेज रूल्स आले आणि ती ओळ गेली. परतणारा माणूस किती महिने बाहेर होता, त्यावर घरगुती आणि वैयक्तिक सामानाची एकत्र सवलत ठरू लागली. रुपयांत पाहिलं तर आकडे बरेच वाढले, म्हणजे गवंड्याचं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. पण सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी ही चार माणसं नियमांच्या पुस्तकातून उठून गेली, त्याची मला चुटपुट लागली. नियम पुढेही बदलत राहणारच, त्यामुळे निघायच्या आठवड्यात ताजे काय आहेत ते पाहून घ्यावं. पण जाणाऱ्याने हत्यारांची यादी करावी, नंबर नसेल तर खूण लिहावी, फोटो काढून ठेवावेत, पावती सांभाळावी आणि जातानाच शिक्का घ्यावा, हे करोडगिरीच्या काळापासून बदललेलं नाही. आमच्या ओळखीतली आखातात जाणारी पोरं आता निघण्याआधी माझ्याकडे येतात. बरीच नांदेडची असतात, त्यांना हैदराबादचं विमान सोयीचं. मी त्यांच्या हत्यारांचे फोटो काढून देतो, खाली नाव, तारीख. त्याचे पैसे घेत नाही. नवं यंत्र घेतलं तर पावती खोक्यात नाही, पासपोर्टच्या पिशवीत ठेवा, असं प्रत्येकाला सांगतो.

माल आणि हत्यार यांतला फरक आमच्या बायाबापड्यांना कधी पुस्तकात शोधावा लागला नाही. खंडेनवमीला तो दरवर्षी दिसतो. सुतार करवत-रंधा मांडतो, गवंडी थापी-ओळंबा धुऊन मांडतो, शिंपी मशीनला झेंडूची माळ घालतो. किराणा दुकानदारसुद्धा तराजू पुजतो, साखरेची पोती नाही. जे विकून टाकायचं त्याला कुणी हळदकुंकू लावत नाही. आमच्या घरी पाटावर पखवाज असतो, त्याच्या शेजारी माझे दोन्ही कॅमेरे. आई लेन्सच्या टोपणालाही कुंकवाचं बोट लावते, आणि नंतर ते पुसायला मला अर्धा तास लागतो.